ज्याच्या दिवसांत वाटणी झाली

भिंत्या जन्मला त्याच आठवड्यात बेकरीच्या मधोमध भिंत उभी राहिली. सोमवारी गवंडी आला, बुधवारी आईला कळा सुरू झाल्या, आणि विटा कमी पडल्या म्हणून गवंडी एक दिवस घरी बसला तरी हा काही थांबला नाही. शुक्रवारी पोर आणि भिंत दोन्ही ओलीच होती, असं गल्लीतले लोक सांगायचे. सांगून झालं की आधी स्वतःच हसायचे, आणि मग ज्याच्याबद्दल बोलतोय तो समोरच बिस्किटं बांधतोय हे आत्ताच दिसल्यासारखं करून म्हणायचे, "तू मनावर घेऊ नकोस हं." तो मनावर घ्यायचा नाही. दोरा दाताने तोडायचा आणि पुडा पुढे सरकवायचा.

भिंत्या हे गल्लीने ठेवलेलं नाव. कागदावरचं नाव पेलेग. ते आजोबांनी ठेवलं होतं, आणि रागाच्या भरात ठेवलं होतं.

बेकरी आजोबांची. दोन मुलगे हाताखाली तयार झाले, थोरला बिस्किटांत, धाकटा पावात. मग काहीतरी बिनसलं आणि दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलं. आजोबा मध्ये उभे राहून म्हणाले, निदान बाळ होईपर्यंत तरी थांबा. कोणी थांबलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी आजोबांनी कपाटावरचा जाड धर्मग्रंथ काढला आणि बोट थेट त्या पानावर ठेवलं जिथे नुसती नावंच नावं असतात. अमक्याला तमका झाला, तमक्याला आणखी कोणी झाला, तो इतकी वर्षं जगला आणि गेला. असली पानं भाविक माणसंसुद्धा बोटाला थुंकी लावून दोन-दोन एकदम उलटतात. त्या गर्दीत एक पेलेग आहे. नाव हिब्रू, हजारो वर्षांपूर्वीचं, अर्थ वाटणी. तो हयात असताना पृथ्वीची वाटणी झाली म्हणून त्याचं हे नाव, एवढीच त्याची हकिगत.

आजोबा थोरल्याला म्हणाले, "याचं नाव पेलेग. आता याला हाक मारशील तेव्हा तुला ऐकू येईल, तू काय केलंस ते."

बाबांनी यावर सोपा उपाय काढला. त्यांनी हाकच मारली नाही. "अरे", "ए", "हे बघ", यांवर त्यांचं भागायचं. परक्यांशी बोलताना "आमचा". लांबून बोलवायचं असेल तर तोंडाने "स्स" असा आवाज काढायचे, त्यामुळे गल्लीतली निम्मी कुत्रीही यायची. आई होती तोवर ती "बाळा" म्हणायची. तो बारा वर्षांचा असताना ती गेली, आणि घरात त्याला काही म्हणणारं कोणी उरलं नाही. आजोबा तर भिंत सुकायच्या आधीच गेले होते.

बेकरी दोन रस्त्यांच्या मध्ये होती. बाबांचं दार पुढच्या रस्त्यावर, काकांचं मागच्या. भिंतीने जागेचे दोन सारखे भाग केले, टेबलं वाटली, साचे वाटले, तराजू एकाला आणि वजनं दुसऱ्याला असाही मूर्खपणा झाला. घोडं अडलं ते भट्टीपाशी. भट्टी एकच, विटांची, घुमटासारखी, आणि ती पाडायला आजोबांनी साफ नकार दिला. शेवटी भिंत भट्टीच्या दोन्ही खांद्यांना आणून टेकवली, आणि गवंड्याने तिच्या पाठीला आणखी एक तोंड फोडलं. तेव्हापासून भट्टी मध्ये, इकडे एक लोखंडी दार, तिकडे एक. सकाळी काकांनी लाकडं पेटवायची आणि पाव काढायचे. पाव निघाले की धग उतरत जाते, आणि उतरत्या धगीवर बिस्किटं आणि टोस्ट चांगले होतात, म्हणून दुपारपासून भट्टी बाबांची. राखेचा खड्डा मात्र जुन्या तोंडाखाली, म्हणजे बाबांकडे, राहिला. तो रोज संध्याकाळी उपसायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी जाळाला हवा मिळत नाही आणि सगळा धूर तिकडे उलटतो. हे सगळं आजोबांनी ठरवून दिलेलं. एक्केचाळीस वर्षं बिनबोभाट चाललं.

बिनबोभाट म्हणजे अक्षरशः. दुपारी बारा वाजता काका आपलं दार लावायचे आणि लाकडी फावड्याच्या दांड्याने त्यावर दोनदा ठोकायचे. ठक, ठक. भट्टी तुमची. दोन सख्ख्या भावांमध्ये दिवसभरात एवढंच बोलणं. लहानपणी भिंत्या, म्हणजे पेलेग, ते दार लागायच्या आधी कधीकधी इकडचं दार किलकिलं करून आत बघायचा. अंधाऱ्या लाल बोगद्याच्या पलीकडे एक एप्रन दिसायचा आणि कोपरापर्यंत भाजलेल्या डागांचे दोन हात. चेहरा बघायचा तर वाकावं लागायचं, आणि वाकताना सापडला तर कानाखाली आवाज निघायचा. काकांना त्याने रस्त्यात लांबून पाठमोरं पाहिलं होतं, पण ओळखायचा तो हातांवरूनच.

भांडण कशावरून झालं याच्या दोन हकिगती होत्या. बाबांच्या मते, धाकटा एका गिऱ्हाइकाला म्हणाला होता, "बिस्किटं काय, कोणीही करतं." बाबा हे वाक्य नाक वर करून, एक भुवई चढवून म्हणून दाखवायचे. काकांच्या बाजूची हकिगत आईकडून कळलेली. ते नवी नवरी घेऊन घरी आले तेव्हा थोरला भाऊ पिठाचे हात घेऊन आतच थांबला, उंबऱ्याशी आला नाही. यातलं कोणतं आधीचं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

बोलणं बंद झालं, पण एकमेकांचं सगळं कळत राहिलं. ते भट्टीतून कळायचं. बारा वाजता दार उघडलं की बाबा पिठाची चिमूट भट्टीच्या फरशीवर टाकायचे आणि पेलेग मोजायचा. तीसपर्यंत बदामी झालं की बिस्किटं आत. वीसलाच काळं पडलं तर बाबा म्हणायचे, "तिकडच्याचं डोकं तापलंय." पंचवीसला झालं तर, "बायकोशी वाजलंय." काकांचा उल्लेख ते नेहमी 'तिकडचा' असाच करायचे. बरोबर तीसला झालं तर काहीच बोलायचे नाहीत, पण त्या दिवशी चहाला दोनदा फुंकर घालून चवीने प्यायचे. काकू एकदा आजारी होत्या ते बाबांना चार दिवस आधी कळलं होतं, धग एकसारखी नव्हती म्हणून. बाबांचं उत्तरही भट्टीतूनच जायचं. फरशी ओल्या फडक्याने किती लख्ख पुसायची, खड्डा तळापर्यंत उपसायचा की वरवर, यावर ते बारकाईने बोलायचे. "मी काय म्हणतो, आज नुसता झाडू मार. त्याला कळेल. संपलं."

पेलेगचं लग्न जमलं नाही. दोनदा बोलणी झाली. मुलीकडचे नाव विचारायचे, मग कौतुकाने अर्थ विचारायचे, मग चहा संपवून उठायचे. दुसऱ्या वेळी मुलीची आत्या दारात थांबून हळूच म्हणाली होती, "अहो, नाव बदलून घ्या ना, हल्ली होतं." ते त्याने बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, कुठलं नाव?

त्याला नावाने हाक मारणारं एकच माणूस होतं, जुन्या भाषांचे मास्तर. निवृत्त झालेले, दात गेलेले, रोज चार वाजता टोस्ट घ्यायला येणारे आणि दुकानातल्या बाकावरच तो चहात बुडवून खाणारे. त्यांचं प्रत्येक वाक्य "आता असं बघ" ने सुरू व्हायचं आणि "हो की नाही" ने संपायचं; मधला भाग टोस्टमुळे नीट कळायचा नाही. गल्लीतल्या पोरांनी त्यांची नक्कल चोख बसवली होती. पेलेगला मात्र हसू यायचं नाही, कारण एका दुपारी त्याने मनाचा हिय्या करून त्यांना आपल्या नावाचं विचारलं होतं.

"आता असं बघ," मास्तर म्हणाले होते, "मूळ शब्द दुभंगण्याचा, वेगळं होण्याचा. पण वाटणी कसली, यावर आजवर कोणाचं एकमत नाही. कोणी म्हणतं जमिनीची, कोणी म्हणतं भाषांची, कोणी म्हणतं माणसं पांगली. हिब्रूत पाणी नेण्यासाठी खणलेल्या पाटालाही याच घराण्यातला शब्द आहे. हो की नाही?"

पाटाचं त्याने नुसतं ऐकून घेतलं. त्याला दुसरंच विचारायचं होतं. वाटणी त्याच्यामुळे झाली, असं लिहिलंय का?

"छे. त्याने काही केलं असं लिहिलेलंच नाही. तो तेव्हा होता, एवढंच."

मग त्याने ती मिटवली, असं?

मास्तरांनी टोस्ट खाली ठेवला. "तेही नाही. दोनशे एकोणचाळीस वर्षं जगला, मुलंबाळं झाली, गेला."

दोनशे एकोणचाळीस वर्षं, आणि काही केलं नाही. हे पेलेगच्या डोक्यातून जाईना. पीठ मळताना, ट्रे पुसताना तो त्या माणसावर मनातल्या मनात चिडायचा. एवढा वेळ होता, एकदा तरी उठून या बाजूचं त्या बाजूला जाऊन सांगायचं होतं. आणि मग हळूहळू त्याच्या लक्षात आलं की आपणही एक्केचाळीस वर्षांचे झालो. आजवर भिंत ही त्याला हवेसारखी वाटायची, होती म्हणून होती. आता त्याला एक गोष्ट हवी होती, आयुष्यात पहिल्यांदाच इतकी नेमकी. आपल्या डोळ्यांदेखत या दोघांनी एकमेकांशी बोलावं. एक वाक्य पुरे. बाबा त्र्याहत्तरचे, काका सत्तरीचे. वेळ फार नव्हता, हे त्याला कळत होतं. किती कमी होता, ते मात्र कळलं नव्हतं.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांत धग उतरू लागली. आधी पस्तीस मोजावे लागले, मग चाळीस, मग पन्नास. बिस्किटं फिकट निघू लागली, टोस्ट मऊ पडू लागले. मास्तरांना आवडले, बाकीच्यांनी तोंडं वाकडी केली. एका सोमवारी साठ मोजून झाले तरी पीठ पांढरंच.

बाबांनी फरशीवर आणखी एक चिमूट टाकून पाहिली. "लाकूड चोरतोय," ते म्हणाले. "पाव निघण्यापुरतं टाकतो, आमच्यासाठी काही ठेवत नाही. मुद्दाम. या वयात मुद्दाम."

पेलेगने म्हणून पाहिलं, कदाचित लाकूड ओलं असेल, कदाचित बरं नसेल. बाबांनी ऐकलं नाही. चाळीस वर्षं ज्याची भट्टी वाचली त्याच्याबद्दल त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. ते म्हणाले, आजपासून राख उपसायची नाही. घे म्हणावं धूर. संपलं.

आणि पेलेगने राख उपसली नाही. ही गोष्ट पुढे त्याने स्वतःला पुष्कळ प्रकारे समजावून सांगितली, पण घडलं ते एवढंच. संध्याकाळी त्याने खोरं हातात घेतलं, बाबांनी नुसतं बघितलं, आणि त्याने खोरं भिंतीला टेकवून ठेवलं. मंगळवारी तेच, बुधवारी तेच, गुरुवारी तेच. सकाळी भिंतीपलीकडून खोकला ऐकू यायचा, एकदा सुरू झाला की थांबायचं नाव नाही. बाबा वर्तमानपत्राआडून म्हणायचे, "खोकतोय. खोकू दे." बुधवारनंतर मात्र ते वर्तमानपत्र घेऊन पुढच्या खोलीत बसू लागले.

शुक्रवारी बारा वाजले आणि ठक ठक झालं नाही. सव्वाबारा झाले. पेलेगने दार उघडून आत हात घातला. भट्टी गार होती. एक्केचाळीस वर्षांत ती कधी गार नव्हती.

तो एप्रन न काढताच निघाला. कोपऱ्यापर्यंत, मग वळून मागच्या रस्त्याला, मग उलटा. एकशे दहा पावलं. हे त्याने मोजलं, कारण मोजायची सवय होती. काकूंनी दार उघडलं, त्याच्याकडे बघितलं आणि बाजूला झाल्या, जणू तो रोजच येत होता.

काकांचा पलंग भट्टीच्या भिंतीला लावलेला होता, उबेसाठी. ज्या हातांवरून तो त्यांना ओळखायचा ते हात चादरीवर होते, आणि त्यांच्यामागे पहिल्यांदाच एक अख्खा माणूस होता, बाबांसारख्याच नाकाचा.

"पेलेग ना?" काका म्हणाले. "ये."

घरातल्या माणसाच्या तोंडून त्याने आपलं नाव असं कधी ऐकलं नव्हतं. त्याला बसायला सुचेना.

बोलल्या त्या बहुतेक काकूच. त्यांची बोलायची पद्धत अशी, की दर वाक्याआधी "नाही म्हणजे" म्हणून जे सांगायचं ते आधीच थोडं मागे घ्यायच्या. नाही म्हणजे, तसं फार काही नाही, वर्षभर छातीचं चाललंय. नाही म्हणजे, गेले तीन महिने ओंडके उचलवत नव्हते, म्हणून मीच दोन-दोन घालत होते. नाही म्हणजे, डॉक्टर म्हणाले, छाती आधीच गेलेली, तीन-चार दिवसांच्या धुराने काही वेगळं होत नाही.

"राख मी काढली नाही," पेलेग म्हणाला.

"माहीत आहे," काका म्हणाले. प्रत्येक दोन-तीन शब्दांनंतर त्यांना थांबावं लागत होतं. "दादाने नको म्हटलं असणार."

आजाराचं कळवलं का नाही, असं त्याने विचारलं. काका हसले, आणि हसण्याचा खोकला झाला. कळवलं असतं तर दादा आला असता, ते म्हणाले. आला असता तर आधी कोणी बोलायचं, हा प्रश्न होता. तो सुटेना, म्हणून कळवलं नाही.

मग ते त्याच्या नावाबद्दल बोलले. त्याने विचारलंही नव्हतं. "ते नाव तुझं नव्हतंच. आम्हा दोघांचं होतं. आम्हाला उचलवेना, म्हणून तुझ्या अंगावर घातलं. तू जवळ होतास." थोडं थांबून ते म्हणाले, "त्याला येऊ दे. आधी कोणी, ते राहू दे आता. काहीही बोल म्हणावं. शिव्या दे म्हणावं. पण तोंडाने. भट्टीतून नको."

पेलेग एकशे दहा पावलं परत आला आणि बाबांसमोर उभा राहून सगळं सांगितलं, खोकल्याचं, ओंडक्यांचं, शेवटचं वाक्यही जसंच्या तसं. बाबा ट्रे पुसत होते. तोच ट्रे त्यांनी चार वेळा पुसला.

"नाटकं," ते म्हणाले. "तिकडच्याला लहानपणापासून नाटकं येतात." मग ट्रेकडेच बघत, "खातो का काही?"

थोडी पेज, पेलेगने सांगितलं. तोंडाने बोला म्हणालेत, हेही पुन्हा सांगितलं.

"मी काय म्हणतो," बाबा म्हणाले, "एक्केचाळीस वर्षांनी जाऊन बोलायचं काय? हवापाणी?" आणि ते आत निघून गेले. या वेळी 'संपलं' म्हणाले नाहीत, यावर पेलेगने आशा बांधली.

शनिवारी सकाळी तो उठून खाली आला तेव्हा बाबा गुडघ्यांवर बसून राखेचा खड्डा उपसत होते. भुवयांपर्यंत पांढरे झाले होते. त्यांनी त्याला हात लावू दिला नाही. चार दिवसांची राख, मग तळाची जुनी काळी खरड, सगळं स्वतः काढलं. मग मागच्या अंगणातून एकेक ओंडका कवेत धरून आणला, दम खात, गुडघ्याला शिव्या घालत, आणि भट्टीत रचला. भिंत झाल्यापासून त्यांच्या बाजूने भट्टी पेटण्याची ही पहिलीच वेळ. लाकूड रचताना त्यांनी हिशोब ठेवला नाही. पावाला लागतं त्याच्या दुप्पट, कदाचित तिप्पट घातलं. जाळ घुमटाला लागून वळला आणि दोन्ही तोंडांकडे धावला. लोखंडी दार लाल दिसू लागलं.

"आता?" पेलेगने विचारलं.

"आता काय. कळेल त्याला."

"बाबा, ते तोंडाने म्हणाले होते."

"कळेल रे. त्याला कळतं." बाबांच्या चेहऱ्यावर घाम आणि राख यांचा चिखल झाला होता, आणि त्यातून ते चक्क खूश दिसत होते. मोठं काहीतरी बोलून मोकळे झाल्यासारखे.

पेलेग पुढचं ऐकायला थांबला नाही. तो धावतच निघाला.

पलीकडच्या खोलीत उन्हात उभं राहिल्यासारखी धग येत होती. काकूंनी खिडकी उघडली होती आणि पलंग भिंतीपासून वीतभर सरकवला होता. काकांनी तरी तळहात लांब करून भिंतीला लावलेला होता. लावायचे, चटका बसला की काढायचे, पुन्हा लावायचे. ओठ हलत होते. ते मोजत होते.

"दहाही होत नाहीत," ते म्हणाले. "एवढं लाकूड. दादाचा राग अजून तसाच आहे."

राग नाही, पेलेग म्हणाला. त्यांनी राख स्वतः काढली. गुडघे दुखतात तरी ओंडके स्वतः आणले. हे तुमच्यासाठी आहे, काका, ऊब म्हणून. तो भराभर सांगत राहिला, एकावर एक वाक्य. काकांनी त्याच्याकडे फार मायेने बघितलं, लहान मूल मध्ये पडून मोठ्यांना समजावतं तेव्हा बघतात तसं.

"तू चांगला आहेस," ते म्हणाले. "पण मी ही भट्टी चाळीस वर्षं वाचतोय."

आणि त्यांनी डोळे मिटले. श्वास चालू होता, पण मध्येच कुठेतरी जाऊन यावं तसा. काकू पेलेगला म्हणाल्या, "जा. घेऊन ये त्यांना." पहिल्यांदाच त्या 'नाही म्हणजे' म्हणाल्या नाहीत.

पेलेगने त्या दिवशी बाबांचा दंड धरला. असं त्याने कधी केलं नव्हतं. चला, म्हणाला, आत्ता, असेच. पण बाबांना असंच जाता येईना. तोंड धुवायचं होतं. राखेचा सदरा बदलायचा होता; धुतलेल्याचं बटण तुटलेलं निघालं, म्हणून दुसरा. मग कंगवा सापडेना. डोक्यावर मोजून शंभर केस, आणि ते ड्रॉवरमागून ड्रॉवर उघडत होते. "इतक्या वर्षांनी जायचं तर माणसासारखं जायला नको?" ते पुटपुटत होते. पेलेगच्या लक्षात आलं की ते ओठांत दुसरंही काहीतरी बोलतायत, पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या शब्दांत. पहिलं वाक्य ठरवत होते.

रस्त्याने त्यांनी पेलेगचा हात धरू दिला नाही. कोपऱ्यावर गुडघ्यासाठी एकदा थांबले. मागच्या रस्त्याची दुकानं ते नव्या गावात आल्यासारखी बघत होते. एक्केचाळीस वर्षं या बाजूला पाऊल टाकलं नव्हतं. दाराशी आले आणि उंबऱ्यापाशीच थबकले.

काकू आतून बाहेर आल्या नाहीत. त्या पलंगाजवळ उभ्या होत्या आणि चादर नीट करत होत्या, जी आधीच नीट होती.

बाबा आत आले. खुर्ची ओढून बसले. धाकट्या भावाचा श्वास थांबलेला होता, हात अजून भिंतीच्या दिशेने पसरलेला. तो त्यांनी उचलून चादरीवर ठेवला आणि त्यावर आपला ठेवला. ठरवून आणलेलं वाक्य त्यांनी म्हटलं नाही. ते काय होतं, हे पुढेही कोणाला कळलं नाही. भट्टी अजून तापलेलीच होती, आणि ताज्या सदऱ्यात घामाच्या रेघा उमटत होत्या.

मग ते पेलेगकडे न बघता म्हणाले, "कळलं होतं का त्याला? काय म्हणाला?"

पेलेगला वाटलं, काकू आता वर बघतील. त्यांनी बघितलं नाही. चार दिवस उपसून न काढलेली राख, साठपर्यंत मोजूनही पांढरं राहिलेलं पीठ, काकांचा चटका सोसणारा तळहात, हे सगळं त्याच्या जिभेवर होतं. खरं ते सात शब्दांत सांगून झालं असतं.

"म्हणाले, भट्टी आज चांगली लागलीय."

"एवढंच?"

"एवढंच."

बाबांनी मान हलवली. "नाही. तो असं म्हणणार नाही." ते थोडे ताठ झाले, नाकातून श्वास घेतला, आणि त्यांच्या तोंडातून एक वेगळाच आवाज आला. भरदार, जरा नाकातला, वाक्याचं शेपूट खेळवत लांबवणारा, कुठेही दम न लागणारा. तिशीच्या आतल्या माणसाचा. "काय दादाऽ, आज हात सैल सुटला वाटतंऽ."

पेलेगने तो आवाज जन्मात ऐकला नव्हता. काकूंच्या हातातली चादर सुटली.

"असंच म्हणाला ना?" बाबांनी आपल्या आवाजात विचारलं.

"हो," पेलेग म्हणाला. "असंच."

बाबांनी ते वाक्य पुन्हा एकदा म्हटलं, त्याच आवाजात, या वेळी पलंगाकडे वाकून, आणि काकू भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.